युरोप पाहायचाय? मग रथसप्तमीनंतर निघा!

युरोपची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मे महिनाच येतो. मुलांना सुट्टी, यजमानांना रजा आणि दहा दिवसांत सात देश दाखवणारी बस! पण भगिनींनो, मुलं मोठी झाली, घरात दोघंच उरलो, तर मे महिन्याची ही सक्ती आपण का पाळायची? उन्हाळ्यात हॉटेलं महाग आणि रांगा तर विचारूच नका. नाताळ-नववर्षाचे दिवस सोडले, तर हिवाळ्यात तीच शहरं पुष्कळ कमी खर्चात आणि निवांत पाहता येतात. भिशीतून, शिकवण्यांतून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेला पैसा असा एकदाच खर्च व्हायचा असतो. म्हणून शहर नीट पारखून घ्यावं.

केव्हा जावे?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू टाकून आपला पाय घरातून निघत नाही, आणि निघूही नये! रथसप्तमी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येते. त्यानंतरचे आठ दिवस उत्तम. त्यात उजेडाचाही हिशेब आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात ११ तासांचा दिवस असतो. लिस्बनला साडेनऊ तासांचा, व्हिएन्नाला सव्वाआठ-साडेआठ आणि स्टॉकहोमला जेमतेम सहा. फेब्रुवारीच्या मध्याला मात्र व्हिएन्नातही दिवस दहा तासांच्या वर जातो. घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर त्या वर्षी हा विषय काढूच नका.

कोणते शहर?

आधी दोन प्रश्न विचारा: थंडी किती सोसते आणि गुडघे कुणाचे दुखतात?

थंडी सोसत नसेल तर स्पेनमधलं सेव्हिल घ्या. जानेवारीतही दुपारी १६ अंशांच्या आसपास, रात्री सहाएक. शिवाय गाव सपाट! लिस्बनची थंडीही अशीच सौम्य, पण पाऊस असतो आणि शहर टेकड्यांवर वसलेलं. पर्वती चढताना जिला धाप लागते, तिने विचार करावा, बरं का.

इतिहासाची आवड असेल तर रोम. दुपारी १२-१३ अंश, रात्री मात्र गारठा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. पैसे वाचतात, पण गर्दीही होते. जाण्यापूर्वी मीना प्रभूंचं 'रोमराज्य' जरूर वाचा.

खराखुरा हिवाळा अनुभवायचा तर व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही जोडी. पारा शून्याच्या आसपास असतो. दोन्हींमध्ये रेल्वेने तीन तासही लागत नाहीत. बुडापेस्टचं सेचेनी स्नानगृह १९१३ सालचं. बाहेर बर्फ आणि उघड्यावरच्या कुंडात वाफाळतं पाणी! आपल्या वज्रेश्वरीची आठवण व्हावी. पोहण्याचा पोशाख मात्र लागतो.

ग्रीसच्या सँटोरिनीसारखी बेटं हिवाळ्यात नकोत. तिथली पुष्कळ हॉटेलं त्या दिवसांत बंदच असतात. स्वस्ताई सगळीकडे सारखी उपयोगाची नसते.

आणि आठ दिवसांत दोनच शहरं करा. गणपतीचं दर्शन, तांबट आळी, लाल महाल हे सारं पायी हिंडल्याशिवाय आपला कसबा तरी कुणाला कळतो का? तिकडच्या जुन्या पेठांचंही तेच आहे.

कागदपत्रे आणि सामान

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मोठ्यांना शुल्क ९० युरो (जून २०२४ पासून). नकार आला तरी ते परत मिळत नाही. म्हणून रद्द करता येतील अशीच हॉटेलं ठरवा. निदान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमाही हवा.

एक जाड कोट घेण्यापेक्षा कपड्यांचे तीन पातळ थर बरे. साडीच नेसणार असाल, तर आत लोकरी पायजमा आणि पायात न घसरणारे बूट हवेत. खोबरेल तेल थंडीत थिजतं, त्याऐवजी बदामतेल न्या. तूप आणि पेढे घरीच ठेवा! युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. भडंग आणि भाजणी खुशाल बांधून घ्या.

शेवटी एकच सांगते. सहल ठरते तेव्हा आपण बहुधा स्वयंपाकघरात असतो आणि 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून मोकळ्या होतो. मग कुठे, किती दिवस, किती चालायचं हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं. या खेपेला असं करू नका. पैसा साठवण्यात तुमचा वाटा आहे, तसा निवडीतही असू द्या. येत्या रविवारी चहा झाला की नकाशा पुढ्यात घ्या आणि आपल्या आवडीच्या दोन गावांवर स्वतःच्या हाताने खूण करा.