आइसलँडिकमधले ‘असणे’ कसे चालवावे

आइसलँडिक भाषेत ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद आहे ‘वेरा’. शिकणाऱ्याची त्याच्याशी पहिल्याच धड्यात गाठ पडते, कारण ‘मी कोण’, ‘तू कुठला’, ‘ती घरी आहे का’ यांतले एकही वाक्य त्याच्याशिवाय होत नाही. हे क्रियापद अनियमित आहे. नेहमीच्या क्रियापदांचा मूळ भाग कायम राहतो किंवा त्यातला एखादा स्वर बदलतो; ‘वेरा’ची मात्र काही रूपे इतकी वेगळी दिसतात की ती एकाच धातूची वाटत नाहीत. तरीही त्यांची नीट मांडणी केली की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

येथे दिलेले देवनागरी उच्चार ढोबळ आहेत. ‘थू’मधला ‘थ’ जीभ दातांच्या फटीत ठेवून, हवा सोडत म्हणायचा असतो. शब्दाच्या शेवटचा ‘द’ही तसाच, पण घोष आणि अगदी मऊ.

वर्तमानकाळ असा चालतो:

येघ एर – मी आहे
थू एर्त – तू आहेस
हन्न, हून, थाद एर – तो, ती, ते आहे
विद एरुम – आम्ही आहोत
थिद एरुद – तुम्ही आहात
थेइर, थाइर, थॉय एरु – ते, त्या, ती आहेत

शेवटची ओळ मराठी माणसाला अवघड जात नाही. आइसलँडिकमध्येही तीन लिंगे आहेत आणि अनेकवचनातही ती वेगळी राहतात. पुरुष असतील तर ‘थेइर’, बायका असतील तर ‘थाइर’, आणि दोन्ही मिळून असतील तर नपुंसकलिंगी ‘थॉय’. नवराबायकोला मराठीत ‘ती दोघं’ म्हणतात, त्यातलीच ही तऱ्हा. ‘विद’मध्ये मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद नाही. ‘थिद’ फक्त अनेकांसाठी आहे. एका व्यक्तीला मानाने संबोधण्याचे जुने सर्वनाम रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. वडीलधाऱ्यांनाही ‘थू’च म्हणतात.

भूतकाळात ‘ए’ जाऊन ‘व’ येतो: येघ वार, थू वार्स्त, हन्न वार, विद वोरुम, थिद वोरुद, थेइर वोरु. मराठीत ‘होता, होती, होतं’ असे लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते. इथे तिघांनाही ‘वार’ पुरते. लिंग दिसते ते विशेषणात. ‘तो चांगला आहे’ म्हणजे ‘हन्न एर गोउदुर’ आणि ‘ती चांगली आहे’ म्हणजे ‘हून एर गोउद’.

यापुढे दोन रूपावल्या उरतात. त्या संशय, इच्छा, अट आणि दुसऱ्याचे सांगणे यांसाठी वापरतात. पहिली: स्ये, स्येर्त, स्ये, स्येउम, स्येउद, स्येउ. दुसरी: वाइरि, वाइरिर, वाइरि, वाइरुम, वाइरुद, वाइरु. ‘ती घरी आहे असे तो म्हणतो’ याचे आइसलँडिक होते ‘हन्न सेइयिर आद हून स्ये हेइमा’. तोच ‘म्हणाला’ असेल तर ‘स्ये’च्या जागी ‘वाइरि’ येते. मराठीत दोन्ही वाक्यांत ‘आहे’ चालते, म्हणून मराठी भाषकाला ही जागा मुद्दाम घोटवावी लागते. ‘मी श्रीमंत असतो तर’ यातल्या ‘असतो’लाही ‘वाइरि’च लागते: ‘एव्ह येघ वाइरि रीकुर’.

चारही रूपावल्या शेजारी ठेवल्या की सूत्र दिसते. अनेकवचनाचे प्रत्यय सगळीकडे तेच आहेत: उम, उद, उ. ‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप प्रत्येक ठिकाणी एकच आहे. वेगळे लक्षात ठेवायचे ते ‘थू’चे रूप. म्हणजे चोवीस जागांसाठी वीसच रूपे लागतात आणि तीही पाच आरंभ व थोडे प्रत्यय यांतून तयार होतात. अनियमितपणा आहे तो आरंभात. शेवट शिस्तीचा आहे.

या विस्कळीत आरंभांचे कारण इतिहासात आहे. ‘एर’ आणि ‘स्ये’ ज्या प्राचीन धातूपासून आले, त्याच्यापासूनच संस्कृतचा ‘अस्’ आणि मराठीचे ‘असणे’ आले. ‘स्ये’ आणि संस्कृत ‘स्यात्’ ही तर एकाच जुन्या रूपाची वंशज आहेत. ‘वार’चे कूळ वेगळे: त्याचा संस्कृतमधला भाऊबंद ‘वस्’, म्हणजे राहणे, ज्यातून ‘वस्ती’ आणि ‘निवास’ आले. दोन धातूंनी मिळून एक क्रियापद पुरे केले. आइसलँडिकची पूर्वज असलेल्या जुन्या नॉर्समध्ये एकवचन ‘वस’ होते आणि अनेकवचनात ‘र’ होता. पुढे ‘र’ एकवचनातही शिरला. इंग्रजीने ‘वॉज’ आणि ‘वेअर’ असा जुना भेद अजून जपला आहे. स आणि र यांच्या या अदलाबदलीमागचा नियम डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केला.

बोलताना आणखी काही रूपे लागतात. प्रश्नात ‘एर्त’ आणि ‘थू’ जुळून ‘एर्तु’ होते. ‘क्वाद एर्तु आद ग्येरा?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ यातल्या ‘आद’पुढे कृती दाखवणारे मूळ क्रियापद ठेवले की चालू क्रिया सांगता येते. आज्ञार्थ ‘वेर्तु’ निरोप घेतानाही ऐकू येतो: पुरुषाला ‘वेर्तु साइत्ल’, बाईला ‘वेर्तु साइल’. पूर्ण काळात ‘वेरिद’ येते: ‘येघ हेव वेरिद ह्येर’, म्हणजे ‘मी इथे राहिलो आहे’.

शिकण्याचा सोयीचा क्रम वर्तमान, प्रश्न, भूत आणि मग उरलेल्या दोन रूपावल्या असा आहे. प्रत्येक रूप सर्वनामासह आणि छोट्या वाक्यात म्हणावे. नुसती रूपे पाठ केली तर ती बोलताना वेळेवर आठवत नाहीत. आइसलँड विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ हा अभ्यासक्रम मोफत आहे. आर्नी माग्नुस्सोन संस्थेच्या संकेतस्थळावर शब्द टाकला की त्याची सगळी रूपे मांडून मिळतात. शंका आली तर तिथे ताडून पाहता येते.