इंटर्ननो, बाराच्या आत घरी!
लंडन-न्यूयॉर्कच्या इन्व्हेस्टमेंट बँकांत उन्हाळी इंटर्नशिप साधारण दहा आठवड्यांची. बाहेरून रुबाब मोठा. आत मात्र एक्सेलचे तक्ते जुळवायचे आणि ग्राहकापुढे ठेवायचं ‘पिचबुक’ तपासायचं, अगदी तळटीप, दशांशचिन्ह आणि लोगोच्या जागेसकट. संध्याकाळी वरिष्ठांचे शेरे येतात आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये २१ वर्षांचा एक जर्मन इंटर्न दगावला. चौकशीत अपस्माराचा झटका हे कारण निघालं, पण जागरणांचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने उन्हाळी इंटर्नना मध्यरात्री ते सकाळी सात ऑफिसात थांबायला मनाई केली. (म्हणजे सतरा तास चालतील!) तरी अर्जांची रांग हटत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या बऱ्याचशा पक्क्या नोकऱ्या याच इंटर्नमधून भरल्या जातात.