शिमग्याचा रंग आणि स्नेहाचा न्याय

फाल्गुनी पौर्णिमेस होळी पेटते, दुसरे दिवशी धूलिवंदनाचा उल्हास उसळतो. आणि सायंकाळी मुलांच्या केसांत ऑइल पेंट, वंगण वा डांबर पाहून गृहिणी रॉकेलची बाटली शोधू लागते. हा उपाय वर्ज्य मानावा, अशी आमची विनंती आहे. रॉकेलने कोवळी त्वचा पोळते. ते तोंडात जाऊन फुप्फुसांत उतरले तर प्राणावर बेतते. आणि होळीचे निखारे धुमसत असता भिजल्या केसांस एक ठिणगी पुरे.

मग करावे काय? आमचे वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर. दाढीमिशा चिकटविण्याची राळ खोबरेलाने सैल पडते, हे रंगपटात वावरणारे जाणतात. न्याय तोच. बाभळीचा डिंक, गुळाचा पाक कोमट पाण्यात विरघळतात. राळ, वंगण, फणसाचा चीक मात्र पाण्यास दाद देत नाहीत, तेलासच वश होतात.

तेव्हा चिकटलेल्या बटेस खोबरेल अथवा मोहाच्या बियांचे तेल भरपूर चोळावे, १० मिनिटे मुरू द्यावे, फडक्याने निपटून घ्यावे. मग रुंद दातांच्या फणीने आधी टोके, नंतर मुळांकडील भाग सोडवावा. शेवटी डोळे जपून रिठ्याच्या पाण्याने केस धुवावेत. संस्कृतात रिठ्यास ‘फेनिल’ म्हणतात. त्याचा फेसच तेलासह मळ वाहून नेतो. ऑइल पेंट वाळून कडक झाला असेल, तर तेवढी बट कापणेच श्रेयस्कर.

रंग खेळण्यापूर्वीच केसांस तेल लावलेले सर्वांत उत्तम. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल, आणि मायाही. सणाच्या दिवशी लेकरांच्या मस्तकी दोन्ही असू द्यावीत.