कागदावरचा ड्रायव्हर आणि ग्रेटर नोएडाचा ट्रॅक

मिशेल वायाँ कधी जन्मलाच नाही. तरीही २०१७ साली त्याच्या घराण्याचं नाव लावलेली गाडी खऱ्याखुऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि जिंकलीसुद्धा. सहनशक्तीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत 'एलएमपी २' नावाचा एक गट असतो. त्यात रेबेलियन या स्विस संघाने त्या वर्षी आपल्या गाड्यांवर 'वायाँत' हे नाव रंगवलं. चित्रकथेतल्या वायाँ कुटुंबाच्या कारखान्याचं हे नाव. ३१ क्रमांकाच्या गाडीने वर्षअखेरीस गटाचं विजेतेपद पटकावलं. ती चालवणाऱ्यांत आयर्टन सेनाचा भाचा ब्रूनो होता, ॲलन प्रॉस्टचा मुलगा निकोला होता आणि ज्युलियाँ कनाल होता.

वायाँचा निर्माता ज्याँ ग्राताँ. १९२३ साली फ्रान्समधल्या नाँत शहरात तो जन्मला, लहानपणी वडिलांचं बोट धरून ले मान्सची शर्यत पाहून आला आणि पुढे चित्रकार होऊन ब्रसेल्सला गेला. ७ फेब्रुवारी १९५७ रोजी 'टिनटिन' साप्ताहिकात मिशेल पहिल्यांदा अवतरला. दोन वर्षांनी पहिला अल्बम निघाला आणि मूळ मालिकेचे अल्बम सत्तरपर्यंत गेले. मिशेलची कारकीर्द डोळे दिपवणारी आहे: फॉर्म्युला १ ची जगज्जेतेपदं, ले मान्स, अमेरिकेतल्या शर्यती, पॅरिस-डाकारचं वाळवंट. पण वाचक त्याला चिकटून राहिले ते त्याच्या घरामुळे. वडील हेन्री कारखाना चालवतात, थोरला भाऊ ज्याँ-पिएर गाड्यांचे आराखडे करतो, अमेरिकन स्टीव्ह वॉर्सन हा जिवलग मित्रही आणि तगडा प्रतिस्पर्धीही. जॅकी इक्स, जिल व्हिलनव्ह, दिदिए पिरोनी असे खरे ड्रायव्हर या पानांत सहज ये-जा करतात. ग्राताँ स्वतः सर्किटवर जाऊन गाड्या न्याहाळायचा, त्यामुळे चाकाचा नट किंवा बॉनेटची वळणं कधी चुकली नाहीत. १९६७ च्या टीव्ही मालिकेत मिशेलचं काम ऑन्री ग्राँसीर या खऱ्या रेसिंग ड्रायव्हरने केलं. पुढे चित्रपट निघाला तेव्हा २००२ च्या ले मान्समध्ये कथेतल्या दोन संघांच्या गाड्या प्रत्यक्ष शर्यतीत उतरवून चित्रीकरण झालं.

मला मात्र एका तारखेचं नवल वाटतं. १९५७ मध्ये मिशेल अवतरला तेव्हा फ्रान्सकडे फॉर्म्युला १ चा एकही जगज्जेता नव्हता. पहिली ग्राँ प्री १९०६ साली ले मान्सजवळ भरवणारा हा देश, पण पहिला फ्रेंच जगज्जेता उगवायला १९८५ साल उजाडलं. मधली अठ्ठावीस वर्षं ती जागा एका चित्रातल्या माणसाने सांभाळली. त्याच काळात फ्रान्सने चित्राबाहेर काय केलं, हे मला आज सांगायचं आहे.

फ्रान्समध्ये शाळा निघाल्या. मान्यी-कूर आणि पॉल रिकार्ड या ट्रॅकवर विनफिल्डच्या रेसिंग शाळा चालायच्या. तिथे पोरं यायची, एकसारख्या गाड्यांत बसायची आणि घड्याळाशी झगडायची. एल्फ ही तेव्हाची सरकारी मालकीची तेल कंपनी. तिने या शाळांमधल्या अंतिम स्पर्धेला पैसे आणि नाव दिलं. जो जिंकेल त्याला पुढच्या मोसमाची खर्चासकट फॉर्म्युला रेनो गाडी. १९७५ मध्ये ही स्पर्धा एका लहान चणीच्या मुलाने जिंकली. त्याचे वडील स्वयंपाकघराचं फर्निचर बनवायचे, घरात रेसिंगची परंपरा नव्हती. पुढच्या वर्षी त्याने तेरांपैकी बारा शर्यती जिंकल्या. तो ॲलन प्रॉस्ट, तोच पहिला फ्रेंच जगज्जेता. चार जगज्जेतेपदं मिळवणारा हा ड्रायव्हर बापाच्या तिजोरीतून निघाला नाही, निवडप्रक्रियेतून निघाला. मिशेल वायाँ फ्रेंच मुलांना खरा वाटायचा याचं एक कारण मला हेच दिसतं. गावातला कुणी पोरगा त्या वाटेने गेल्याचं त्यांनी ऐकलेलं असायचं.

ही वाट एका भारतीयानेही तुडवली आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन १९९२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विनफिल्डच्या शाळेत दाखल झाला आणि एल्फच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला. २००५ साली तो फॉर्म्युला १ मध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः रॅलीपटू, म्हणून त्याला त्या शाळेचा पत्ता सापडला. बाकीच्यांना कोण सांगणार होतं?

आता दिल्लीकडे येऊ. सरोजिनी नगर म्हणजे केंद्र सरकारच्या बाबूंची वसाहत. महाराष्ट्रातून मंत्रालयांत नोकरीला आलेली कितीतरी कुटुंबं तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढली. जुनी घरं पाडून आता उंच इमारती उभ्या राहताहेत. बाजारात मात्र तीच झुंबड, तीच घासाघीस, आणि रेसिंग संघांची नावं छापलेले शर्ट-टोप्या घालून फिरणारी कॉलेजची पोरं. तिथून पन्नासेक किलोमीटरवर, ग्रेटर नोएडात, बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट आहे. जेपी समूहाने बांधलेलं, जर्मन वास्तुरचनाकार हर्मन टिल्केने आखलेलं, ५.१२५ किलोमीटरचं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे भारताची पहिली फॉर्म्युला १ शर्यत झाली. २०११, २०१२, २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेल जिंकला आणि मग सगळं थांबलं. ही शर्यत खेळ की करमणूक, गाड्या आणि टायरांवर जकात किती, फॉर्म्युला १ कंपनीचं उत्पन्न इथे करपात्र की नाही, असे वाद लांबत गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की हे सर्किट म्हणजे त्या कंपनीचं भारतातलं स्थायी आस्थापन आहे, म्हणून कर लागतो. तोवर फॉर्म्युला १ ने तिथून मुक्काम हलवला होता.

पण २०१३ ची शर्यत आठवण्यासारखी आहे. त्या दिवशी ग्रेटर नोएडात फ्रान्सच्या झेंड्याखाली चार ड्रायव्हर धावले: रोमाँ ग्रोजाँ, ज्याँ-एरिक व्हेर्न, शार्ल पिक आणि ज्यूल बियांकी. ग्रोजाँ सतराव्या स्थानावरून सुटला. एकाच पिट स्टॉपवर त्याने साठ फेऱ्या काढल्या, टायर जपले, एकेकाला मागे टाकलं आणि तिसरा आला. ग्राताँने हे चित्र काढलं असतं तर एखाद्या वाचकाने जरा फुगवलंय म्हणून नाक मुरडलं असतं. सात वर्षांनी, २९ नोव्हेंबर २०२० ला, बहारिनमध्ये त्याच ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. अठ्ठावीस सेकंद ज्वाळांमध्ये राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. डोक्यावरच्या 'हेलो' नावाच्या टायटॅनियमच्या कडीने त्याला वाचवलं. ती कडी २०१८ पासून सक्तीची झाली. बियांकीच्या वाट्याला ती आली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुझुकाला त्याचा अपघात झाला आणि जुलै २०१५ मध्ये तो गेला, पंचविसाव्या वर्षी. ग्रेटर नोएडाच्या प्रेक्षकांनी या चौघांना जवळून पाहिलं, पण ड्रायव्हर घडवणारी शाळा काही त्यांना दिसली नाही.

ड्रायव्हर घडतो कसा? सात-आठ वर्षांचं पोर कार्टमध्ये बसतं. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला ४, मग प्रादेशिक फॉर्म्युला, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला २. फॉर्म्युला १ मध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी साधारणपणे वय अठरा पूर्ण हवं आणि तीन मोसमांत मिळून चाळीस गुण. फॉर्म्युला २ मधला एक मोसम वीस लाख युरोंच्या पुढे जातो. मुंबईच्या जेहान दारूवालाने ही शिडी जवळजवळ सगळी चढून दाखवली. १९९८ चा जन्म. २०११ मध्ये फॉर्म्युला १ मधल्या फोर्स इंडिया संघाने देशभर शोध घेऊन निवडलेल्या तीन मुलांत तो होता. लवकरच ब्रिटन-युरोपात जाऊन कार्टिंग करू लागला, २०१९ मध्ये फॉर्म्युला ३ च्या गुणतक्त्यात तिसरा आला आणि डिसेंबर २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला १ ची शेवटची पायरी हुकली. पुढे तो फॉर्म्युला ई मध्ये गेला. लक्षात घ्या, त्याला पुढे आणणारा तो शोधही एका खासगी संघाने घेतला होता, आणि तसे शोध रुजून वर्षानुवर्षं चालत राहिले नाहीत.

महाराष्ट्रात त्यातल्या त्यात कोल्हापूर वेगळं आहे. मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक तिथे आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत पोचले. पुण्याचे संजय टकले रॅलीत वर्षानुवर्षं घाम गाळून डाकार क्लासिकपर्यंत गेले, शेजारच्या सीटवर फ्रेंच सहचालक घेऊन. ट्रॅक लहान असला तरी घराजवळ असेल, तर नावं उमटतात. उलट दिल्लीत छप्पर आधी घातलं आणि जोतं राहूनच गेलं. सरोजिनी नगरच्या एखाद्या अप्पर डिव्हिजन क्लार्कच्या मुलीला वेगाची ओढ असेल, हात स्थिर असतील, नजर तीक्ष्ण असेल, तर तिला पन्नास किलोमीटरवरच्या त्या ट्रॅकवर शिरायला कुठलं दार आहे? तिकीट काढून स्टँडमध्ये बसण्याचं तेवढं होतं, तेही मोठ्या शर्यतींपुरतं: तीन वर्षं फॉर्म्युला १ आणि नंतर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी आली तेव्हा.

त्या मोटोजीपीच्या अधिकृत नावातच इंडियन ऑइल होतं. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमची मुख्यालयं तर मुंबईतच आहेत. एल्फही तेव्हा सरकारी तेल कंपनीच होती. तिने एका रविवारच्या शर्यतीपुरतं नाव न देता शाळेला आणि वार्षिक निवडीला दिलं. तेच इथे व्हावं, असं माझं म्हणणं आहे. आपल्या तेल कंपन्यांपैकी एकीने बुद्ध सर्किटच्या आवारात आणि कोल्हापूरला एकसारख्या कार्टचा ताफा ठेवावा. वर्षाला एकदा दहा ते चौदा वयाच्या, कुठल्याही घरातल्या मुलामुलींना फुकट चाचणी द्यावी, फक्त घड्याळ बघावं आणि पहिल्या आलेल्यांचा पुढच्या मोसमाचा खर्च उचलावा. निवड करायला माणसं शोधावी लागणार नाहीत. विनफिल्डच्या शाळेत शिकलेला नारायण कार्तिकेयन इथेच आहे.