विश्लेषण : कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, मग बाटलीतले मटार का नाहीत?

मे महिना संपत आला की कोपर, दिवा, डोंबिवली परिसरातील घरांत आगोटीची लगबग सुरू होते. शेजारच्या दिवा स्थानकातून सावंतवाडीची गाडी सुटते आणि या भागात कोकणातून आलेली कुटुंबेही बरीच आहेत. त्यामुळे गावाहून येताना आमरसाच्या बाटल्या, फणसपोळी, आमसुले येतात. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत सोडे, सुकट, बोंबील उन्हातून काढून डब्यांत भरले जातात. या जुन्या टिकवणीत आता नवी भर पडते आहे. व्हिडीओ पाहून मटार, मक्याचे दाणे, मशरूम, अगदी शिजवलेले मटणही काचेच्या बरणीत भरून, पाण्यात उकळून फडताळात ठेवले जाते. दिसायला दोन्ही प्रकार सारखेच. जोखीम मात्र सारखी नाही.

पदार्थ टिकतो म्हणजे काय होते?

अन्न बिघडवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते आणि फार आंबट नसलेले वातावरण लागते. पारंपरिक पद्धती यांपैकी एक तरी गोष्ट काढून घेतात. पापड, कुरडया, सुकटीत पाणी उन्हाने जाते. मुरांब्यात साखर आणि लोणच्यात मीठ पाण्याला धरून ठेवते, ते जिवाणूंच्या वाट्याला येत नाही. कैरी, लिंबू, कोकम यांत आंबटपणा मुळातच असतो. म्हणूनच जॅम आणि मुरांब्यात विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावेत असे भारतीय अन्न मानके सांगतात. मिठावर टिकणाऱ्या लोणच्यात मिठाचे प्रमाण किमान १२ टक्के अपेक्षित आहे.

मग बरणी उकळून घेतली तर काय बिघडले?

बरणीत अन्न भरून, झाकण घट्ट लावून ती तापवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला ॲपेर यांनी शोधली आणि १८१० मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आजचे सगळे कॅनिंग त्यावरच उभे आहे. तापवल्याने बहुतेक जिवाणू मरतात आणि झाकण घट्ट असल्याने नवे आत जात नाहीत. अपवाद ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या मातीत आढळणाऱ्या जिवाणूचा. त्याचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला उकळूनही जगतात. त्याला हवा नको असते. म्हणजे उकळून हवाबंद केलेली बरणी ही त्याच्यासाठी सोयीची जागा ठरते. तिथे तो वाढतो आणि चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतो. या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात.

थायलंडच्या नान प्रांतात मार्च २००६ मध्ये घरगुती पद्धतीने डबाबंद केलेले बांबूचे कोंब खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. त्यातील ४२ जणांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१५ मध्ये एका सहभोजनात असाच प्रकार घडला. तिथे घरी बाटलीबंद केलेले बटाटे सॅलडमध्ये होते आणि ते केवळ उकळत्या पाण्यात तापवलेले होते.

कोणते पदार्थ सुरक्षित, कोणते नाहीत?

सीमारेषा आहे ४.६ सामू, म्हणजे पीएच. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ किंवा त्याहून कमी सामू असेल तर बोट्युलिनमचे बीजाणू रुजत नाहीत. कैरी, लिंबू, आवळा, कोकम, करवंदे या बाजूला येतात. मटार, मका, फरसबी, मशरूम, बांबूचे कोंब, मासे, मटण हे पदार्थ पलीकडे आहेत. त्यांना १२१ अंशांच्या आसपासचे तापमान दाबाखाली, ठरावीक वेळ द्यावे लागते. कारखान्यात हेच केले जाते.

घरच्या प्रेशर कुकरमध्ये ते जमेल का?

कुकरमधील वाफ त्या तापमानाजवळ जाते, पण बरणीच्या मध्यभागी किती उष्णता किती वेळ पोहोचली हे शिट्ट्या मोजून कळत नाही. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो. कॅनिंगचे तपासलेले वेळापत्रक मोठ्या, दाबमापक असलेल्या भांड्यांसाठी असते. त्यामुळे मटार किंवा मक्याचे दाणे टिकवायचे तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून, लगेच गार करून फ्रीझरमध्ये ठेवणे हाच घरी करण्याजोगा मार्ग आहे.

आमरस आणि टोमॅटोचे काय?

हे दोन्ही सीमेवरचे. कैरी आंबट असली तरी पूर्ण पिकलेल्या आंब्याचा आणि टोमॅटोचा सामू ४.६ च्या वरही जाऊ शकतो. म्हणून आमरसात किलोमागे साधारण पाच ग्रॅम आणि टोमॅटोच्या गरात लिटरमागे किमान अर्धा चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालावे. रस गरम करून उकळलेल्या बाटल्यांत भरावा. झाकण लावून, तळाशी फडके अंथरलेल्या पातेल्यात, बाटल्या बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात. बाटली उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवायची.

कमी मिठाचे लोणचे टिकते का?

रक्तदाबामुळे अनेक घरांत लोणच्यातले मीठ कमी झाले आहे. खाण्याच्या दृष्टीने ते योग्यच, पण मग टिकण्याचा आधार जातो. १२ टक्क्यांच्या हिशेबाने दीड किलो तयार लोणच्यात १८० ग्रॅम मीठ लागते. त्याहून कमी घालायचे तर लोणचे थोडे करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे. वर तेलाचा थर असला की झाले, हाही गैरसमज. तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशी धरत नाही. पण ते जिवाणू मारत नाही. नुसत्या तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवणे त्यामुळेच धोक्याचे. लसणाच्या लोणच्यात मीठ आणि लिंबाचा रस भरपूर हवा.

पावसाळ्यात कोणती काळजी घ्यावी?

जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मीठ आणि साखर दोन्ही ही ओल ओढून घेतात. बरणीच्या वरच्या थरात पाणी वाढले की बुरशी धरते. तोंडाला दादरा बांधून वर झाकण, कोरडा चमचा आणि रोजच्या वापरासाठी वेगळी छोटी बरणी हे जुने नियम त्यासाठीच होते. लहान स्वयंपाकघरात बरण्या गॅस आणि सिंकपासून दूर ठेवाव्यात. पापड-सांडगे पावसापूर्वी पुन्हा एकदा ऊन दाखवून बंद डब्यात भरावेत.

घरून विक्री करायची असेल तर?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ घरगुती उत्पादकांनाही लागू होतो. लोणची, मुरांबे, सरबते विकणाऱ्या महिलांनी आणि बचत गटांनी एफएसएसएआयची नोंदणी करून तो १४ अंकी क्रमांक, घटक आणि उत्पादनाची तारीख वेष्टनावर द्यावी लागते. कोकम, जांभूळ अशा रंगीत सरबतांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने रंग उडतो, म्हणून त्यांत सोडियम बेंझोएट वापरतात. दोन्हींच्या कमाल प्रमाणाला कायद्याची मर्यादा आहे. अंदाजपंचे चिमूट टाकू नये.

बिघडलेले कसे ओळखावे?

फुगलेले झाकण, उघडताना बाहेर येणारा फेस, वेगळा वास ही चिन्हे दिसली तर चव न घेता बरणी टाकून द्यावी. बोट्युलिनमचे विष मात्र वास किंवा रंग न बदलताही असू शकते. खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत दोन-दोन दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळायला किंवा बोलायला त्रास होणे अशी लक्षणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले तेही सांगावे. बरणी भरताना हा पदार्थ आंबट आहे, पुरेसा खारट आहे, पाकातला आहे की वाळलेला, हे तपासावे. यांपैकी काहीच नसेल तर त्याची जागा फडताळात नाही, फ्रीझरमध्ये आहे.