साधनकेरीचे तळे आणि अंबिकातनयदत्त

इंदूरच्या विजयनगरात राहणारी माझी आत्या यंदा श्रावणात बेळगावला माहेरपणाला आली आणि तिला धारवाड दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे आले. "पेढे घेऊ आणि त्या बेंद्र्यांचे घर पाहू," असा तिचा बेत होता. बेंद्रे म्हणजे ज्ञानपीठ मिळालेला आपला माणूस, एवढी तिची माहिती. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. आणि काय अपुरे आहे हे तिला सांगता सांगता माझीच तारांबळ उडाली. म्हणून हा लेख.

साधनकेरी हा धारवाडचाच एक भाग. कन्नडमध्ये 'केरे' म्हणजे तळे आणि 'केरी' म्हणजे आळी किंवा वस्ती. या दोन शब्दांत माझा स्वतःचा बरेच दिवस घोटाळा होता. तळ्याकाठी आता बाग केलेली आहे, फिरायला वाट आहे. जवळच बेंद्र्यांचे 'श्रीमाता' हे घर आणि त्याला लागून बेंद्रे भवन. तेथे छायाचित्रे, पुस्तके, हस्ताक्षरातले कागद जपून ठेवले आहेत. कवीचे तळ्याकाठचे निवासस्थान म्हटल्यावर आत्याच्या डोळ्यांपुढे इंदूरच्या लालबागेसारखे काहीतरी असावे. "अरे, एवढेच घर?" ती म्हणाली. एवढेच. शाळामास्तराचे घर ते. परंतु याच साधनकेरीला येण्याचे आवतण देणारी कविता बेंद्र्यांनी लिहिली आणि तिच्यामुळे हे तळे कधी न पाहिलेल्या कन्नड माणसालाही ओळखीचे झाले.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म धारवाडातच, ३१ जानेवारी १८९६ रोजी झाला. घरची भाषा मराठी. आईचे नाव अंबिका, म्हणून कवितेखाली सही 'अंबिकातनयदत्त'. कॉलेजचे शिक्षण पुण्यात, फर्ग्युसनमध्ये. १९१८ साली ते बी. ए. झाले. म्हणजे घर मराठी, विद्याही पुण्याची. असा तरुण मराठीत लिहू लागला असता तर कोणालाच नवल वाटले नसते. त्यातून धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. या भागातील कचेऱ्यांत आणि शाळांत मराठीचे वजन इतके होते की, कन्नडला तिचे स्थान मिळावे म्हणून १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ काढावा लागला. वजनदार भाषा घरात असताना बेंद्र्यांनी दाराबाहेरची भाषा कवितेसाठी घेतली. १९२२ च्या सुमारास 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा मेळा, त्यांच्याभोवती जमला आणि नव्या कन्नड कवितेला त्याने मोठा आधार दिला.

ही दाराबाहेरची भाषा कोणती, हे येथे सांगितले पाहिजे. बेंद्र्यांच्या उत्तम भावगीतांची कन्नड पुस्तकी नव्हे. ती धारवाडच्या बाजारात, पाणवठ्यावर, जात्यापाशी बोलली जाणारी कन्नड आहे. आपल्याकडे जात्यावर ओवी आहे, तशी कन्नड बायकांची त्रिपदी आहे. लावणी तर दोन्हीकडे आहे. हे छंद, हे ठेके त्यांनी उचलले. त्यांची अनेक अपत्ये लहानपणीच गेली. अशाच एका प्रसंगावरची त्यांची कविता प्रसिद्ध आहे. तीत मृत मुलापाशी बसलेला बाप बायकोला विनवतो की, माझ्याकडे असे पाहू नकोस. ती मी प्रथम शेजारच्या घरी ऐकली, तेव्हा एकही शब्द विचारावा लागला नाही. मी मराठी शाळेत शिकलो. माझी कन्नड गल्लीतली, दुकानातली, क्रिकेटच्या मैदानावरची; आणि नेमकी तीच येथे कामी आली.

कवितेपायी त्यांना सोसावेही लागले. 'नरबलि' या कवितेवरून १९३२ साली इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात धाडले आणि नंतर धारवाडजवळच्या मुगद गावी स्थानबद्ध ठेवले. पुढची कित्येक वर्षे नोकरीची शाश्वती नव्हती. (त्या काळातला घरखर्चाचा हिशेब कोणी लिहून ठेवला असेल तर तो मला कवितांइतकाच वाचायला आवडेल. वाणिज्य शाखेचा दोष!) अखेर १९४४ साली सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात त्यांना कन्नडच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १९५६ पर्यंत ते तेथे होते. त्याच साली राज्यांची पुनर्रचना झाली. सोलापूर मुंबई राज्यात राहिले. धारवाड आणि आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या भांडणाचे पुढे काय झाले ते येथील वाचकांना सांगायला नको.

मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. त्यांच्या 'संवाद' या मराठी पुस्तकाला न. चिं. केळकर पुरस्कार मिळाला. पंढरीच्या विठ्ठलावर त्यांनी मराठीत लिहिले. ज्ञानपीठ पुरस्कार १९७३ सालचा, 'नाकु तंति' म्हणजे चार तारा या कन्नड संग्रहाबद्दल. उतारवयात त्यांना आकड्यांचा नाद लागला होता. ४४१ ही त्यांची लाडकी संख्या, म्हणजे २१ चा वर्ग. आम्ही आकडे जमाखर्च जुळवण्यापुरते वापरतो, हे गृहस्थ त्यांत सृष्टीचे सूत्र शोधत होते. मला त्यातले फारसे कळले नाही, आणि आत्याला तर मुळीच नाही. १९८१ साली ते वारले.

आत्याचे मन एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. "आमच्याकडे भा. रा. तांबे झाले. सारा जन्म हिंदी मुलखात काढला, पण कविता मराठीत केली. मग यांनी का बदलली?" मी म्हटले, "आत्या, तांब्यांच्या कवितेला मराठी ऐकणारे ग्वाल्हेर, देवास, इंदूरला भोवती होते. बेंद्र्यांच्या भोवती हे लोक होते." आणि बागेत बसलेल्या, शेंगा फोडत मोठमोठ्याने गप्पा मारणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे बोट दाखवले. तिला पटले की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, "ते काय बोलतायत रे?" मी सांगितले. कोथिंबिरीच्या भावावर चालले होते. ती हसली.

निघताना अभिप्राय लिहायचा होता. आत्याने मराठीत चार ओळी झरझर लिहिल्या. मी कन्नडमध्ये लिहायचे ठरवून दोन वाक्ये लिहिली. तेथल्या गृहस्थांनी ती वाचली आणि एका शब्दातले चुकलेले जोडाक्षर पेन्सिलीने, अगदी हळूच, दुरुस्त करून दिले. हा लेख प्रथम कन्नड विभागाला द्यावा असे मनात होते. बोलायला लागलो तर सगळा सांगता येतो, लिहायला बसलो की हात अडतो. तेव्हा तूर्त तो मराठी विभागाकडे देत आहे. कन्नड विभागाच्या संपादकांनी शुद्धलेखन तपासून देण्याचे कबूल केले, तर पुढच्या अंकासाठी पुन्हा बसेन.