मनोरा लांब का उभा? इलोकोसमधली जुनी चर्च

मागच्या व्याख्यानात आपण जुन्या गोव्यातल्या चर्चांसमोर उभे होतो. सी कॅथेड्रलला एकच मनोरा का, असा प्रश्न तेव्हा निघाला होता. मनोरे दोन होते. त्यातला एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा कुणी बांधला नाही, एवढंच त्याचं उत्तर. आज फिलिपिन्सला जायचंय, पण सुरुवात पुन्हा मनोऱ्यापासूनच करू. कारण तिथे तो चर्चला चिकटलेलाच नसतो.

पडद्यावर जे शहर दिसतंय ते लावाग, इलोकोस नोर्ते प्रांताची राजधानी. उजवीकडे चर्च, आणि घंटांचा मनोरा कुठे? तो बघा, साधारण 85 मीटर लांब, मधे रस्ता आणि रहदारी. पंचेचाळीस मीटर उंचीचं हे धूड वाळूत खचलंय. त्याचं दार आता इतकं ठेंगणं आहे की आत शिरायला वाकावं लागतं. पूर्वी म्हणे घोडेस्वार त्या दारातून सरळ आत जात असे. दरवर्षी इंचभर खचतो असं गाइड मंडळी सांगतात. तुम्हीच हिशेब करा: दोनशे वर्षांचे दोनशे इंच, म्हणजे सोळा-सतरा फूट. मग दार दिसलंच नसतं! खचतो हे खरं, इंचाचं सोडून द्या.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. फिलिपिन्सचं सर्वांत मोठं बेट लुझोन. त्याच्या वायव्य कडेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कॉर्डिलेराचे डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत इलोकोस विभाग आहे. आपल्या कोकणासारखाच म्हणा ना. प्रांत चार: इलोकोस नोर्ते, इलोकोस सूर, ला युनियन आणि पांगासिनान. पांगासिनानमध्ये मानावागचं मोठं तीर्थस्थान आहे, तिथे वर्षभर गर्दी असते. पण आज मी वरच्या दोन प्रांतांतच थांबणार आहे, कारण आपला प्रश्न तिथेच सुटतो.

मनोरा वेगळा का, याचं पहिलं उत्तर म्हणजे भूकंप. फिलिपिन्स भूकंपाच्या पट्ट्यात आहे. उंच, बारीक मनोरा आणि लांबरुंद, बसकं चर्च हे हादऱ्यात वेगवेगळ्या तालावर हलतात. एकमेकांना जोडलेले असले तर एक दुसऱ्याला फाडतो. आणि मनोरा पडलाच तर तो छपरावर, म्हणजे आत प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर पडतो. मनिलाचं सान आगुस्तिन चर्च 1607 मध्ये पूर्ण झालं. त्याला स्पेनच्या पद्धतीने दर्शनी भिंतीलाच दोन मनोरे होते. 1880 च्या भूकंपात डावा मनोरा तडकला आणि पुढे तो उतरवावा लागला. इलोकोसमधल्या बांधणाऱ्यांनी भांडणच मिटवलं. मनोरा लांब नेऊन ठेवला. पडला तर एकटा पडेल.

पडलेही. बाकारा गावच्या मनोऱ्याचा घुमट 1931 च्या भूकंपात कलला. लोकांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. मग 1983 च्या भूकंपात तो खाली आला. आज त्याला 'बिनघुमटाचा मनोरा' म्हणूनच ओळखतात.

आता पावायचं सान आगुस्तिन चर्च बघा. मनिलातल्या चर्चचंच नाव, घोटाळा करू नका. काम 1694 मध्ये सुरू झालं, 1710 मध्ये संपलं. समोरून पाहिलंत तर छान, पण खरी गंमत बाजूने आहे. भिंतीला टेकून उभे असलेले हे प्रचंड आधार, म्हणजे धिरे, मोजून 24 आहेत आणि प्रत्येकाची जाडी दीड मीटरच्या वर. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा त्यांचा आकार पाहून अनेकांना जावातलं बोरोबुदूर आठवतं. हादरा बसला की भिंत बाहेरच्या बाजूला फाकू पाहते, तेव्हा हे धिरे तिला खांदा देतात. काहींवर चढायला जिने आहेत, छपराच्या दुरुस्तीसाठी. भिंतीत खाली समुद्रातल्या प्रवाळाचे मोठे दगड आणि वर विटा, म्हणजे जड माल खाली, हलका वर. चुन्यात उसाचा रस, आंब्याची पानं, उकळलेलं चामडं आणि भाताचा पेंढा घालत, असं सांगतात. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत गूळ आणि हिरडा घालणाऱ्या गवंड्याला यात नवल वाटणार नाही.

आख्यायिकाही आपल्या कानाला ओळखीच्या. इलोकोस सूरमधल्या सांता मारिया गावी मेरीमातेची मूर्ती जुन्या जागेवरून सारखी नाहीशी व्हायची आणि एका पेरूच्या झाडावर सापडायची. शेवटी लोकांनी ओळखलं की तिला तिथेच राहायचंय. देवी जागा स्वतः निवडते, बरं का! ती जागा टेकडीवर आहे. वर जायला ऐंशीहून जास्त पायऱ्या, भोवती तटासारख्या भिंती, आणि 1810 चा अष्टकोनी मनोरा अर्थातच वेगळा. पावाय, सांता मारिया, मनिलाचं सान आगुस्तिन आणि इलोइलो प्रांतातलं मियागाव, ही चार चर्च 1993 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. इलोकोस सूरची राजधानी विगान, तिची जुनी वस्ती 1999 मध्ये गेली.

इथवर स्थापत्य झालं. पण मनोऱ्याचं दुसरं एक काम होतं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पॅनिश येण्याआधी लोक नदीकाठी, डोंगरउतारावर विखरून राहत. कर वसूल करायचा, धर्म शिकवायचा, तर माणसं एका जागी हवीत. म्हणून त्यांना चर्चभोवती वसवण्यात आलं. 'बाहो दे ला कांपाना' म्हणजे 'घंटेखाली', असा त्यासाठी शब्दप्रयोगच होता. घंटा ऐकू जाईल तिथवर गाव, आणि गावाबाहेर राहणारा तो रानटी. म्हणजे ज्याला आपण सुंदर मनोरा म्हणतो, तो कचेरीचा भोंगाही होता.

मग हे सगळं बांधलं कुणी? नावं पाद्र्यांची राहिली. राबले ते गावकरी. 16 ते 60 वयाच्या पुरुषांना वर्षातले 40 दिवस सक्तीने राबावं लागे. 'पोलो' म्हणत त्याला, आपल्या भाषेत वेठबिगार. पैसे भरले तर सुटका, पण भरणार कोण? 1884 मध्ये हे 40 दिवस 15 वर आले, तोवर आपण पाहिलेल्या भिंती उभ्या राहून कितीतरी वर्षं झाली होती.

आता गंमत बघा. 1762 मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतलं, ती संधी साधून इलोकोसमध्ये दिएगो सिलांगने उठाव केला आणि विगान ताब्यात घेतलं. मे 1763 मध्ये त्याचा खून झाला. मग त्याची बायको गाब्रिएला पुढे झाली आणि सप्टेंबरमध्ये तिला विगानमध्येच फाशी दिली. 1837 मध्ये त्याच विगानमध्ये जन्मलेला होसे बुर्गोस पाद्री झाला. त्याचा लढा कशासाठी होता? इथे जन्मलेल्या पाद्र्यांना स्वतःची चर्च सांभाळायला द्या, ती स्पॅनिश मठवाल्यांच्याच हाती का? फेब्रुवारी 1872 मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्याला मनिलात देहदंड झाला. होसे रिझालने आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली आहे. आणि पावायचा तो मनोरा? 1898 मध्ये क्रांतिकारक त्याच्यावर चढून टेहळणी करत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढणारे गनिमी सैनिक. गावावर नजर ठेवायला बांधलेला मनोरा गावाने उलटा वापरला.

यापुढे प्रश्न थेट कोर्टात गेला. पावायजवळच्या बाताक गावचे पाद्री ग्रेगोरियो आग्लिपाय. 1902 मध्ये रोमपासून वेगळ्या अशा फिलिपिनी स्वतंत्र चर्चची घोषणा झाली आणि त्याचे प्रमुख ते झाले. घोषणा करणारे इसाबेलो दे लोस रेयेस, हेही विगानचेच. गावंच्या गावं त्यांच्याकडे गेली आणि इमारतीही घेऊन गेली. मग इमारत कुणाची? ज्यांच्या आज्यापणज्यांनी दगड वाहिले त्यांची, की रोमची? लुझोनच्या दुसऱ्या टोकाच्या लागोनोय गावचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गावची नगरपालिकाही त्यात पक्षकार होती. मालकी आमची, असं तिचं म्हणणं. 1906 मध्ये निकाल लागला: इमारत रोमन कॅथलिक चर्चची. त्यानंतर स्वतंत्रवाल्यांना ठिकठिकाणी ताबा सोडावा लागला. कायद्याच्या अंगाने निकाल समजण्यासारखा आहे. पण चाळीस दिवसांचा तो हिशेब कुणी मांडला नाही, हे मला खटकतं.

वेळ होत आलीय, दोन प्रश्न घेतो.

वसईहून आलेल्या ताई विचारताहेत, आपल्याकडचं कुणी तिकडे गेलं होतं का? गेलं होतं, आणि ते तुमच्याच गावचं! संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्म, आई इथली, वडील पोर्तुगीज. मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तिथून 1593 मध्ये जपानला गेले आणि फेब्रुवारी 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. इलोकोसशी त्यांचा संबंध नाही, पण मनिला आणि वसई यांना जोडणारा हा माणूस आहे खरा.

दुसरा प्रश्न, 2022 च्या भूकंपात काय झालं? 27 जुलै, तीव्रता 7. विगानच्या कॅथेड्रलला तडे गेले. बांतायच्या टेकडीवरचा मनोरा, जो चाच्यांवर नजर ठेवायलाही वापरत, त्याच्या विटा ढासळल्या. दुरुस्ती करणार म्हटलं की पहिला मोह सिमेंटचा. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, आणि ते पाणी बाहेर पडू देत नाही. प्रवाळाच्या दगडात शिरलेली ओल आतच अडकते, तिच्यातलं मीठ साठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पुढच्या हादऱ्यात चुन्याचा सांधा थोडं सहन करतो. सिमेंट करत नाही, मग शेजारची वीट फुटते. म्हणून जाणकार चुन्याचाच आग्रह धरतात. पण चुना सावकाश घट्ट होतो, आणि तो मळणारी माणसंही आता कमी उरलीत. त्यातच गावच्या पाद्रीबाबांना येत्या सणापर्यंत काम उरकून हवं असतं.